तीनशे चाळीस नावं

११ जून
डी मॉइन

रिका,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे सरळ केराच्या डब्यात टाकलं नसशील, तर आधी एवढं वाच: आई बरी आहे. मे महिन्यात फेअरमीड वृद्धाश्रमाच्या न्हाणीत पाय घसरून पडली, पण खुब्याला काही झालं नाही, नुसता मुका मार. तुला कळवू नकोस म्हणाली होती. मी कळवतोय, कारण तुला पत्र लिहायला मला काहीतरी निमित्त हवं होतं. बघ, पहिल्याच परिच्छेदात खरं बोललो.

सात वर्षं झाली. आईच्या स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप पिताना तू सहज तुमच्या जनमत पोलचा एक आकडा बोलून गेलीस. दोन दिवसांनी छापून यायचा होता तो. मी तासाभरात तो एका वार्ताहराला सांगितला. तुझी नोकरी जाता जाता राहिली आणि मी तुला म्हणालो, "आज ना उद्या कळणारच होता ना?" माझं हे वाक्य तू विसरली नसशील. मीही विसरलेलो नाही.

सध्या मी मॅविस कोल्टरसाठी देणग्या गोळा करतो. नाव ऐकलं असशील. नसशीलही, आणि हाच आमचा सगळा घोळ आहे. पश्चिम नेब्रास्काची खासदार. त्याआधी तेवीस वर्षं सुईणीचं काम करणारी नर्स. तिच्या भागातले तीन प्रसूतिवॉर्ड एका वर्षात बंद झाले, आणि एका भर दुपारी, गारांचा मारा चालू असताना, हायवेच्या कडेला पिकअपच्या फळीवर तिला एका बाईला मोकळं करावं लागलं. त्यानंतर ती राजकारणात आली. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागणारे यंदा बावीस जण आहेत. त्यांत ती विसावी की बाविसावी, ते पोल कोणी घेतला त्यावर ठरतं.

उभी राहा, असं मीच तिला सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, "तू बोल, पैशाचं मी बघतो." तिने खासदारकीची जागा पुन्हा न लढवण्याचं जाहीर केलं, तेही माझ्या शब्दावर.

सप्टेंबरच्या टीव्हीवरच्या डिबेटला उभं राहायचं तर दोन अटी आहेत: ऐंशी हजार वेगवेगळे देणगीदार, आणि पक्षाने मान्य केलेल्या तीन पोलमध्ये दोन टक्के. त्यातला एक पोल तुमचा, तुमच्या हार्टलँड संस्थेचा. तुझ्याकडे मी काही मागत नाही. फक्त एक विचारतो: फोनवर नावं वाचून दाखवणाऱ्यांना 'कोल्टर'चा उच्चार नीट सांगितलाय का? लोक 'कूल्टर' म्हणतात. ऐकणाऱ्याला ओळख पटत नाही. एवढंच.

आर्लिन

२ जुलै
डी मॉइन

रिका,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी रोज टपालाची पेटी बघतो.

परवा तिमाही संपली. आकडे पंधरा तारखेला सगळ्यांना दिसतील, तुला आजच सांगतो: पहिल्या पाच उमेदवारांनी प्रत्येकी जेवढे एका आठवड्यात जमवले, तेवढे आम्ही तीन महिन्यांत. सोमवारी मी अकरा जणांना घरी पाठवलं. माझा पगार एप्रिलपासून बंद आहे. हे मॅविसला माहीत नाही.

आमचं ऑफिस इंगरसोल रस्त्यावर, बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानावर. मागे एक खोली आहे, खिडकी नसलेली. रोज चार तास मॅविस तिथे बसते. मी नंबर लावतो, चिठ्ठी तिच्यापुढे सरकवतो: याची बायको आजारी आहे, याचा मुलगा नौदलात आहे, याच्याकडे अडीच हजार माग. तिला हे काम मनापासून आवडत नाही. काल ओमाहाच्या एका बांधकामवाल्याने तिला सांगितलं, "मॅविसबाई, माणूस म्हणून तुम्ही चांगल्या. पण दोन टक्क्यांवर आलात की फोन करा."

तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आर्लिन, पैसे आले तर जाहिरात. जाहिरात झाली तर टक्के. टक्के आले तर पैसे. यात आत शिरायची वाट कुठून आहे रे?"

"आहे," मी म्हणालो.

"कुठे?"

मी पुढचा नंबर लावला.

काही पोलमध्ये तिच्या नावासमोर आकडाही नसतो, नुसता तारा असतो. अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणून. ती हसून म्हणते, "शाळेत छान अक्षराला मिळायचा तसला." पण नेवाडा आणि न्यू हॅम्पशायर, दोन्हीकडे तिला दोन टक्के मिळालेत! आता एकच हवा. आणि अंतिम तारखेच्या आत उरलेला मान्य पोल एकच आहे. तुमचा.

आता स्पष्टच लिहितो. एक पूर्णांक पाच आले तर तुम्ही दोन छापता. एक पूर्णांक चार आले तर एक. मधे काय आहे? एखाद-दुसरा माणूस! कोणत्या जिल्ह्यात फोन जास्त लागले, म्हाताऱ्यांची उत्तरं किती धरायची, असल्या गोष्टी शेवटी कोणीतरी माणूसच ठरवतो ना? खोटं कर असं मी म्हणत नाही. जिथे दोन्ही बाजूंनी बरोबर ठरेल तिथे आपल्या बाजूला कल दे, इतकंच म्हणतो. रिका, माझं वय एकोणसाठ. तीस वर्षांत मी सतरा उमेदवारांसाठी राबलो आणि चौदा हरले. ही जिंकेल असं मीही म्हणत नाही. पण तिला एकदा त्या मंचावर उभं राहून बोलू दे. देशातल्या निम्म्या खेड्यांत बाळंतपणाची सोय राहिलेली नाही हे दुसरं कोणीही बोलत नाहीये.

हात जोडतो.

आर्लिन

९ जुलै
ग्रिनेल

आर्लिन,

तुझी दोन्ही पत्रं मी आमच्या संचालकांच्या टेबलावर ठेवली. नियम तसा आहे. एका उमेदवाराच्या माणसाने माझ्याशी संपर्क साधला, म्हणून ऑगस्टच्या पोलमधून मी स्वतःहून बाहेर पडले आहे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा हा पोल माझ्याशिवाय होईल.

'कोल्टर'चा उच्चार पहिल्यापासून बरोबर लिहिलेला होता.

पुन्हा लिहू नकोस.

रिका

१३ ऑगस्ट
डी मॉइन, राज्य जत्रा

रिका,

लिहू नकोस म्हणालीस. पण आता तू त्या पोलमध्ये नाहीस, तेव्हा लिहिलं तर तुझं बिघडणार काय, असा विचार करून लिहितोय. हा विचार किती हलकट आहे ते लिहून झाल्यावर दिसलं. खोडत नाही.

पोल तुझ्या हातून गेला, तो माझ्यामुळे. तुझी चिठ्ठी मी पाकिटासकट खिशात घेऊन फिरतोय. माफी मागायला बसलो की हात पुन्हा मागण्याकडेच वळतो, म्हणून माफी राहू दे.

आज मॅविसने जत्रेत डुकराच्या मांसाचे तुकडे भाजले. सगळेच उमेदवार भाजतात. तिच्या आधी जो होता त्याच्यामागे चाळीस कॅमेरे होते. तो गेला आणि कॅमेरेही गेले. ॲप्रन बांधून ती उभी राहिली तेव्हा समोर मी, दोन शेतकरी आणि पोटुशी असलेली एक बाई. बाई म्हणाली, "माझं हॉस्पिटल बहात्तर मैलांवर आहे. कळा सुरू झाल्या की निघायचं, का आधीच?" मॅविसने चिमटा बाजूला ठेवला आणि अर्धा तास तिच्याशी बोलत बसली. कळा किती अंतराने येतील, गाडीत काय ठेवायचं, नवऱ्याला काय शिकवायचं, सगळं. मांस करपलं. तिथल्या माणसाने शिव्या घातल्या.

मी बाजूला उभा राहून देणगीदार मोजत होतो. एकोणऐंशी हजारांना पाचशे कमी. पंधरा दिवस हातात.

उद्यानंतर चार दिवसांनी तुमचे लोक फोन लावायला बसतील. माझ्या घरच्या फोनवर आला तर? असलं काहीतरी मनात येतं. मूर्खासारखा मी आता कोणताही अनोळखी नंबर उचलतो.

आर्लिन

२५ ऑगस्ट
डी मॉइन

रिका! दोन टक्के!

काल सकाळी तुमचा पोल आला. मी दोनदा वाचला, मग मॅविसला वाचायला दिला, माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता. ती म्हणाली, "खाली तारा नाही ना कुठे?" नाही म्हटल्यावर तिथेच खुर्चीत बसली आणि तोंड झाकून रडली. तुझ्याशिवाय झाला, कोणी कल दिला नाही, कोणी काही केलं नाही, आणि तरी दोन! म्हणजे खरोखरच कुठेतरी माणसांनी फोनवर तिचं नाव घेतलं.

हे तुझ्यामुळे नाही, पण सांगावंसं तुलाच वाटलं.

आता देणगीदार. अठ्ठावीसच्या मध्यरात्रीपर्यंत ऐंशी हजार. कालपर्यंत ७९,१८०. टक्के मिळाल्यावर लोक धावत येतील असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. धावत आले ते पहिल्या पाचांकडे. आम्ही आज एक डॉलरसाठी ईमेल पाठवलं. उद्याही पाठवू. एक डॉलर गं! एका कॉफीत तीन देणगीदार येतात.

जमेल. जमायलाच हवं.

आर्लिन

२९ ऑगस्ट
डी मॉइन

रिका,

जमलं. ८०,०२८. पक्षाने सकाळी मान्य केले. बारा सप्टेंबरला मॅविस मंचावर असेल, उजवीकडून शेवटची.

शेवटच्या दोन दिवसांत आपल्या पेलामधून बरेच आले. आपल्या गावाने हात दिला म्हण. चर्चची माणसं, फेअरमीडची माणसं. बरं वाटलं.

मला झोप लागत नाही, पण ती दगदग असेल. आईला आज भेटायला जाणार होतो. गेलो नाही.

आर्लिन

४ सप्टेंबर
डी मॉइन

रिका,

हे पत्र तुझ्या संचालकांच्या टेबलावर ठेव, हवं तर वर्तमानपत्राला दे. मला कुठेतरी लिहायलाच हवं आणि माझ्याकडे दुसरं कोणी नाही.

मॅविसची एक सवय आहे. पहिल्यांदा देणगी देणाऱ्यांपैकी रोज दहा जणांना ती स्वतः फोन करते, आभार मानायला. एक डॉलर दिलेला असला तरी. आज दुपारी मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तिने चिठ्ठी उचलली आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

"मिस्टर गेरिट हाइसमन आहेत का? मी मॅविस कोल्टर. त्यांनी पाठवलेल्या डॉलरबद्दल आभार मानायचे होते."

"मी अल्बर्टा हाइसमन," पलीकडून आवाज आला. "गेरिट मार्चमध्ये गेले."

"अरेरे! माफ करा हं मला. मला ठाऊक नव्हतं."

"असू दे. डॉलर कधी पाठवला म्हणता त्यांनी?"

मॅविसने चिठ्ठी बघितली. "अठ्ठावीस ऑगस्ट."

मग अल्बर्टाबाई म्हणाल्या, "अठ्ठावीसला मी त्यांच्या थडग्यावर फुलं ठेवून आले. तिथे त्यांनी मला तरी डॉलरचं काही सांगितलं नाही."

फोन ठेवल्यावर मॅविसने माझ्याकडे पाहिलं. "हे नाव कुठून आलं आर्लिन?"

"मुलाने वगैरे भरलं असेल वडिलांच्या नावाने. होतं असं. काढून टाकू."

"होतं असं?"

"ऐंशी हजारांत एखादं होणारच."

तिने मान हलवली आणि पुढची चिठ्ठी घेतली. तीही पेलाची होती. मी म्हणालो, बारा तारखेची तयारी करायचीय, फोन उद्या कर. तिने ऐकलं.

रिका, सत्तावीसला सकाळी मी तीन वेगवेगळ्या दुकानांतून पैसे भरलेली कार्डं विकत घेतली. मग दार लावून त्या बिनखिडकीच्या खोलीत बसलो. समोर चर्चची नावपत्त्यांची पुस्तिका, फेअरमीडची यादी आणि आईची पत्त्यांची वही. एकेक नाव, एकेक पत्ता, एकेक डॉलर. दोन दिवस. पहिलं नाव आईचं टाकलं. विसाव्या नावानंतर तर मी शिटी वाजवत होतो.

पुस्तिका गेल्या वर्षीची होती. कोण जिवंत आहे ते मी पाहिलंच नाही.

तीनशे चाळीस डॉलर. यासाठी तुरुंगात जातात, हे मला माहीत आहे. नव्या पोरांना हा कायदा शिकवतो तो मीच.

आठ दिवस उरलेत. ती एकदा मंचावर बोलून उतरली, की मी सगळं सांगेन. तोवर कोणी बोलू नये म्हणजे झालं. एवढे आठ दिवस.

आर्लिन

८ सप्टेंबर
डी मॉइन

रिका,

आठ नाही मिळाले. दोन मिळाले.

परवा सकाळी मी ऑफिसात पोचलो तर मॅविस आधीच त्या खोलीत बसलेली. समोर पेलाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. ती एकेक फोन लावत होती. "नाही बाई, मी काही पाठवलं नाही," असं एकीचं वाक्य मला दारातच ऐकू आलं. सहा जणांना लावून झाले होते. सहाही जण तेच म्हणाले होते.

मी म्हणालो, "फोन ठेव मॅविस. सगळी नावं मीच भरलीत."

तिने फोन ठेवला. "किती?"

"तीनशे चाळीस."

"कमी किती पडत होती?"

"तीनशे बारा."

"मग वरची अठ्ठावीस?"

"काही बाद होतात तपासणीत. म्हणून हाताशी ठेवली."

ती हसली. तसं हसणं मला आयुष्यात पुन्हा ऐकायचं नाही. "चोरी करतानाही हिशोबाला पक्का!"

मी बोलत सुटलो. बारा तारखेची रात्र जाऊ दे, म्हटलं. दोन मिनिटं बोल, खेड्यांतल्या बायकांचं बोल, सगळा देश ऐकेल, मग मला हाकल, पोलिसांत दे. तीनशे बारा म्हणजे आहे काय? ईमेल एक दिवस आधी गेलं असतं तर खरे आले असते. "दोन टक्के तर खरे आहेत ना तुझे!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "ती माणसं खरी होती. त्यांनी फोनवर माझं नाव घेतलं. आता त्यांना काय वाटेल सांग." मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाळ अडलं असेल तर मी बाईला तोंडावर सांगायची. कधी लपवलं नाही. तिच्या पोटात आहे, तिला आधी कळायला हवं. आणि तू मला माझ्याच पोटातलं सांगितलं नाहीस."

काल तिने ऑटम्वाला, बंद पडलेल्या प्रसूतिवॉर्डच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगितलं. मी खाली होतो. माझं नाव तिने घेतलं नाही. "माझ्या मोहिमेत खोट्या देणग्या घेतल्या गेल्या. मोहीम माझी, म्हणून चूक माझी. मी डिबेटमधून आणि शर्यतीतून बाहेर पडते आहे." एका वार्ताहराने विचारलं, "खासदारकीची जागाही सोडलीत, आता काय करणार?" ती म्हणाली, "नर्सचा परवाना अजून चालू आहे माझा."

काल तिथे बावीस कॅमेरे होते. मी मोजले. इतके तिच्यासमोर कधीच नव्हते.

गाडीत बसण्याआधी माझ्याकडे आली. मला वाटलं, थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "निवडणूक आयोगाला तू स्वतः सांगशील. वकील लागेल तो घे. आणि त्या तीनशे चाळीस दारांशी जाशील. फोन नाही, पत्र नाही. दारात उभा राहून सांगशील, तुमच्या नावाने मी काय केलं." मी हो म्हटलं. सव्वीस वर्षांची ओळख आहे आमची. मागे वळून न बघता गेली.

आर्लिन

७ नोव्हेंबर
पेला

रिका,

दोन महिने लिहिलं नाही. दारोदार हिंडत होतो.

वकील म्हणतो, तुम्ही वेडे आहात, प्रत्येक दारात एक साक्षीदार तयार करताय. म्हणू दे. आयोगाला मी लेखी दिलंय. पुढचं सरकारी वकील ठरवतील. दंड तर नक्की, कैद होईल की नाही ते नाताळनंतर कळेल.

रोज आठ-दहा घरं. पहिल्या दिवशी तिसऱ्या घरापाशीच गाडी उभी करून तासभर बसून राहिलो होतो. आता सरळ जातो. एकाने कुत्रं सोडलं. एकीने सगळं शांतपणे ऐकलं आणि "बरं" म्हणून दार लावलं. बेकरीवाल्या स्टर्क बाईंनी बदामाची पेस्ट्री हातात दिली आणि मग काय ऐकलं ते लक्षात आल्यावर परत मागितली. मी दिली. फेअरमीडमधल्या एका आजोबांना मी तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितलं, आणि तिन्ही वेळा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे संतापले.

डर्क नावाचा एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आहे. तेलकट हात पुसत म्हणाला, "माझी सून दोन वर्षांमागे गाडीतच बाळंत झाली. या बाईला मी वीस डॉलर दिले असते. तू विचारलं का नाहीस?"

रिका, पेलात मी एकाही माणसाला विचारलं नव्हतं. आपलं गाव विरोधी पक्षाचं, कोण देणार, म्हणून पेलाला एक ईमेलही पाठवलं नव्हतं.

अल्बर्टा हाइसमनकडे सगळ्यात उशिरा गेलो. त्यांनी मला आत बसवलं. म्हणाल्या, "गेरिटनी चाळीस वर्षांत एकदाही तुमच्या पक्षाला मत दिलं नाही. यावरून माझ्याशी भांडायचे. आता भांडायला ते नाहीत, हे बघून तू त्यांचा पक्ष बदललास." मी मान खाली घातली. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "त्यांचं नाव त्या यादीतून काढलंय, असं मला कागदावर लिहून दे." मी लिहून दिलं, खाली सही केली. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि एक शुद्धलेखनाची चूक दाखवली.

तीनशे अडतीस घरं झाली. आता जे आजवरच्या एकाही पत्रात लिहिलं नाही ते लिहितो.

यादीत तुझं नाव आहे. एकशे सतरावं.

आईच्या वहीत तुझा ग्रिनेलचा पत्ता होता. भराभर भरत होतो, चुकून झालं, असं लिहिणार होतो. तसं झालेलं नाही. तुझ्या नावाशी मी थांबलो. पोल घेणाऱ्या बाईच्या नावाने एका उमेदवाराला देणगी म्हणजे काय, हे मला माहीत होतं. सकाळपासून आकडा पुढे सरकत नव्हता. तुझं नाव टाईप केलं आणि पुढच्या नावाकडे वळलो.

सोमवारी पूर्ण यादी आयोगाकडे जाते. मग ती कोणालाही बघता येईल. त्याआधी तू संचालकांना सांग. हे पत्र टपालाने पाठवत नाही, स्वतः घेऊन येतोय. बेल वाजवेन. दार उघडलंस तर तोंडाने सांगेन, नाही उघडलंस तर फटीतून आत सरकवेन. तू तीनशे एकोणचाळिसावी. उरलेलं एक मी बघतो.

आर्लिन

१४ नोव्हेंबर
ग्रिनेल

आर्लिन,

त्या दिवशी मी घरात होते. पडद्यामागून तुला बघत होते. चाळीस मिनिटं तू पायरीवर उभा होतास, कोट न घालता. दार उघडावंसं मला वाटलं नाही, म्हणून उघडलं नाही.

पत्र वाचून लगेच संचालकांना फोन केला. त्यांनी माझी बाजू ऐकून घेतली. नोकरी आहे. राजकीय पोल मात्र यापुढे माझ्याकडे नसतील. दुधाच्या भावाबद्दल आणि शाळांच्या बसबद्दल लोकांना काय वाटतं ते मी आता विचारेन. हे तुला दुःख व्हावं म्हणून लिहीत नाहीये. काय झालं ते तुला माहीत असावं, इतकंच.

ऑगस्टचा पोल कसा निघाला ते मी नंतर कागदपत्रांत पाहिलं. आकडा छापलेला आहे तोच खरा आहे. पाचशे चार लोकांपैकी दहा जणांनी तिचं नाव घेतलं. त्यातली एक बाई म्हणाली होती की तिचं हॉस्पिटल बहात्तर मैलांवर आहे.

काल फेअरमीडला गेले होते. आई चांगली बोलत होती. तू कुठे असतोस म्हणून विचारत होती. पेलात एवढा हिंडतोस, तीनशे अडतीस घरं झाली म्हणतोस, आणि ऑगस्टपासून तिच्याकडे गेलेला नाहीस. 'उरलेलं एक' म्हणजे कोण, ते मला तिथे कळलं.

तिला काहीच माहीत नाही. तिथल्या बायका तिच्यासमोर विषय काढत नाहीत. आपल्या वॉर्डात एकतीस वर्षं मतदानाची पेटी आईच्या ताब्यात असायची, हे त्या सगळ्यांना ठाऊक आहे. चार मिनिटं उशिरा आलेल्या आपल्या सख्ख्या भावाला तिने मत न देता परत पाठवलं होतं. तिच्या नावाने खोटा डॉलर गेला, आणि तो तिच्या मुलाने घातला, हे तिला कोण सांगणार?

मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते काम तुझं आहे.

रविवारी दुपारी दोन वाजता तिचं जेवण होऊन ती खिडकीशी बसलेली असते. तेव्हा ये. मी तिथे असेन. तुझ्यासाठी नाही. तू बोलून झालास की आईजवळ कोणीतरी असायला हवं.

रिका